सोनोग्राफीत दिसणारं वाकडं पाऊल

गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला जी अ‍ॅनॉमली स्कॅन करतात, सांगली-मिरजेकडं तिला नुसतं पाच महिन्याची सोनोग्राफी म्हणतात, तिच्यात बाळाच्या पावलांची ठेवणपण बघतात आणि पाऊल वाकडं असेल तर बऱ्याचदा इथंच पहिल्यांदा कळतं. जास्त करून सापडतो तो क्लबफूट, म्हणजे टाच वर ओढलेली, पाऊल आत मुडपलेलं. हजारात साधारण एका बाळाला असतो, मुलांत मुलींच्या जवळपास दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात.

स्क्रीनवर पिंढरीची दोन हाडं दोन पांढऱ्या रेघांसारखी दिसतात. पाय सरळ असेल तर ह्या रेघा लांबीत दिसत असताना तळवा पसरून दिसत नाही, त्याला प्रोब फिरवावा लागतो. क्लबफूटमध्ये मात्र दोन्ही एकाच चित्रात येतात, रेघांच्या टोकाला तळवा कोयत्याच्या पात्यासारखा आत वळलेला. पण एकदा दिसलं की लगेच रिपोर्टमध्ये लिहिलं असं नसतं, कारण बाळानं पाय गर्भाशयाच्या भिंतीला टेकवला असेल तरी असंच दिसतं. म्हणून बाईला जरा फिरून यायला सांगतात, कुशीवर वळवतात, बाळानं पाय हलवल्यावरपण पाऊल तसंच राहतं का बघतात. पाणी कमी असेल किंवा दिवस भरत आले असतील तर चकवा बसायची शक्यता जास्त.

डॉक्टर पायांपाशी बराच वेळ घुटमळले की नातेवाईकांना भलताच वास येतो, मुलगा का मुलगी ते बघतायत असं वाटतं. गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यासाठीच दरवेळी एफ फॉर्म भरतात, आणि २०१७ चं म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण मिरज तालुक्यात कुणी विसरलेलं नाही.

पाऊल वाकडं सापडलं की पुढचा प्रश्न, फक्त पाऊलच का आणखी काही? मग मणका, मेंदू, हृदय, हात नीट तपासतात, कारण मणक्याचा दोष किंवा गुणसूत्रांची गडबड असली तरी पाऊल असं वळतं. तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगलेला दिसला तर गुणसूत्रांचा संशय जास्त, तिथं गर्भजलाची तपासणी सुचवतात. बाकी सगळं ठीक असेल तर घाबरण्यासारखं फार नाही, तरी घरचे "मग ठेवायचं का नको" इथपर्यंत जातात, आणि कुणीतरी हमखास विचारतं, ग्रहणात विळीवर बसली होतीस का. ग्रहणाचा काही संबंध नाही, सुनेला उगाच बोल लागतो.

पोटात असताना ह्यावर उपचार नाही. जन्मल्यावर आठवड्या-दोन आठवड्यात पॉन्सेटी पद्धतीनं प्लास्टर सुरू करतात. इग्नासिओ पॉन्सेटी ह्या डॉक्टरांनी ती अमेरिकेत आयोवाला बसवली. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून नवीन प्लास्टर, अशी पाच-सहा, मग बहुतेकांच्या टाचेच्या शिरेला छोटासा छेद. क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळं सरकारीत उपचार फुकट होतात. आधी कळल्याचा खरा फायदा हाच, कुठं जायचं ते बाळंतपणाआधीच ठरवता येतं.

प्लास्टर संपलं की मधे पट्टी असलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपताना. गाडी अडते ती इथंच. पाय सरळ दिसायला लागला, पोर बुटांनी रडतंय, म्हणून आज्जी बूट माळ्यावर टाकते आणि पाऊल परत आत वळायला लागतं.