अर्ध्यात थांबवलेली फाटाफूट

घरच्या आरओच्या सर्व्हिसिंगला माणूस येतो, 'मेम्ब्रेन गेलाय' म्हणतो आणि एक नळकांडं बदलून खिसा हलका करून जातो. त्या नळकांड्यात गुंडाळलेली पातळ चादर असते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म भोकं असतात, पण ती कुणी सुईने किंवा लेझरने पाडलेली नसतात, आपोआप पडलेली असतात. कशी, ते भारी आहे.

रश्श्यावरची तर्री ढवळली की तिचे बारीक थेंब होतात आणि थोड्या वेळाने ते एकमेकांत मिसळून परत मोठे होतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. काही मिश्रणं याच्यापेक्षा एक पाऊल पुढे असतात, म्हणजे गरम असताना पूर्ण एकजीव, पण थंड केली किंवा त्यात तिसरंच काही घातलं की आतल्या दोन पदार्थांचं पटेनासं होतं. मग कधी एखाद्या ठिकाणी थेंब धरतो आणि वाढत जातो, तर कधी सगळीकडे एकदमच फाटाफूट सुरू होते आणि थेंबांऐवजी दोन पदार्थांची एकमेकांत गुंतलेली जाळी तयार होते. या दुसऱ्या प्रकाराला स्पायनोडल डिकम्पोझिशन म्हणतात, त्यामागचं गणित जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांच्या १९५८ च्या पेपरवर उभं आहे. ही जाळी सुरुवातीला अगदी बारीक, काही नॅनोमीटरची असू शकते, पण तशीच सोडली तर जाड होत जाते. म्हणजे सगळा खेळ टायमिंगचा, वेळेवर गोठवली तर नॅनो रचना फुकटात हातात!

गंमत म्हणजे काचवाल्यांनी हे गणित यायच्या आधीच करून दाखवलं होतं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत हूड आणि नॉर्डबर्ग यांनी १९३० च्या दशकात सोडियम बोरोसिलिकेट काच ५००-६०० अंश सेल्सिअसला तापवून ठेवली, आत सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) एका बाजूला आणि बोरेट दुसऱ्या बाजूला अशी जाळी झाली, मग अ‍ॅसिडने बोरेट धुऊन काढलं. उरली जवळपास ९६ टक्के सिलिकाची, सुमारे ४ नॅनोमीटरच्या भोकांची काच. ती पुन्हा तापवली की भोकं मिटतात, तुकडा आकसतो आणि लालभडक तापवून गार पाण्यात टाकली तरी न तडकणारी काच मिळते. शुद्ध सिलिका वितळवायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, ती कटकटच टळली. यालाच वायकोर म्हणतात.

आता आरओकडे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन १९६० च्या आसपास समुद्राचं पाणी गोडं करायच्या मागे होते. सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचा पडदा मीठ अडवतो हे माहीत होतं, पण जाड पडद्यातून पाणी थेंब थेंबच येणार आणि पातळ केला तर फाटणार. त्यांनी काय केलं, तर त्या प्लास्टिकचं द्रावण काचेवर पसरलं, वरचं थोडं उडू दिलं आणि सगळं बर्फासारख्या गार पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरतं, सॉल्व्हेंट (प्लास्टिक विरघळवणारा द्रव) बाहेर पडतो, प्लास्टिकला पाणी नको असतं म्हणून ते वेगळं होतं. वर एक अतिपातळ घट्ट साय आणि खाली जाळीदार आधार, एकाच झटक्यात. पडद्याची कुठली बाजू खाऱ्या पाण्याकडे आहे यावर सगळं अवलंबून! १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला असल्या पडद्यातून पिण्याचं पाणी मिळायला लागलं. आजच्या आरओत मीठ अडवणारा थर पॉलिअमाइडचा वेगळा असतो, पण त्याखालचा पॉलिसल्फोनचा आधार अजून याच पद्धतीने बनतो, आणि डायलिसिसच्या बारीक पोकळ तंतूंचंही बहुतेक तसंच.

निसर्गाचं पेटंट अर्थातच जुनं. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा छोटा खंड्या घ्या, पाठीच्या निळ्यात निळा रंगच नाही. पिसाच्या आत केराटिन (आपल्या नखा-केसांतलं प्रथिन) आणि हवेची जाळी आहे, तिच्यातलं अंतर नेमकं असं की निळा प्रकाश जोरात परत फिरतो. पोटाचा नारिंगी मात्र खराखुरा रंगद्रव्याचा. पक्ष्यांच्या अशा निळ्या पिसांत पेशी जिवंत असताना केराटिन फाटाफुटीने वेगळं होतं आणि मध्येच थांबतं, असं येल विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये मांडलं, मग पेशी मरून वाळली की पाण्याच्या जागी हवा येते.

पक्ष्याचं हे सगळं काम पेशीतल्या पाण्यात होतं. आपल्या पडद्यांच्या कारखान्यात मात्र डीएमएफ, एनएमपी असले विषारी सॉल्व्हेंट लागतात आणि बुडवायच्या टाकीतलं पाणी त्यांनी खराब होतं, म्हणजे पाणी शुद्ध करायचा पडदा बनवताना आधी पाणीच नासतं. म्हणून सध्या निव्वळ पाण्यात विरघळणारे पॉलिमर घेऊन, आम्लता किंवा मिठाचं प्रमाण बदलून फाटाफूट घडवायचे प्रयोग चालू आहेत.