दोन सर्व्हर, दिसायला एकसारखे: एक डिलीट करण्याआधी हे वाचा

समजा, सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत लाईट गेली आणि नंतर कारखान्यातला सर्व्हर उठेना. बिलं तर काढायचीच होती, म्हणून बॅकअपची व्हर्च्युअल मशीन (म्हणजे फाईलींत साठवलेला अख्खा कॉम्प्युटर) दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू केली. दोन दिवस टॉवेलची बिलं तिच्यावर झाली. तिसऱ्या दिवशी मूळ सर्व्हर दुरुस्त होऊन आला आणि काम पुन्हा त्याच्यावर सुरू झालं. आता मशीन दोन, नाव एकच, आणि दोन्हींत काहीतरी असं आहे जे दुसरीत नाही. अक्कलकोट रोड असो की चिंचोळी एमआयडीसी, अशा वेळी आमचं पहिलं सांगणं एकच: दोन्ही बंद ठेवा.

मशीन नुसती चालू केली तरी आतून बदलते. विंडोज लॉग लिहितं, अपडेट ओढतं, टेम्पररी फाईली तयार करतं. जो फरक शोधायचा तोच या नव्या फरकांत बुडतो. म्हणून आम्ही दोन्हींच्या डिस्क फाईलींची कॉपी तिसऱ्या मशीनला रीड-ओन्ली जोडतो. वाचता येतं, लिहिता येत नाही.

"दोन डिस्क फाईली सरळ एकमेकींशी ताडून का बघत नाही?" असं बरेचजण विचारतात. बघता येतं, पण उत्तर जवळजवळ नेहमी "वेगळ्या आहेत" एवढंच मिळतं. आत एकच फाईल बदलली असली तरीही तेच उत्तर. त्यापेक्षा आतल्या प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ काढतो. हा ६४ अक्षरांचा ठसा असतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो.

तारीख आणि साईझ बघून काम लवकर होतं, पण आमचा त्यावर भरवसा नाही. ४५०० चे ५४०० झाले तरी साईझ तीच राहते. उलट, एनटीएफएस आणि एफएटी३२ या डिस्कवर फाईली मांडायच्या दोन पद्धती: विंडोजची एनटीएफएस डिस्क वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे साठवते आणि पेनड्राइव्हवरची एफएटी३२ स्थानिक घड्याळाप्रमाणे. अशी कॉपी मध्ये झाली असेल तर तसूभरही न बदललेली फाईल साडेपाच तास पुढे-मागे दिसू शकते. नक्षी सारखी म्हणून दोन चादरींचं वजन सारखं, असं आपल्याकडचा कुणी व्यापारी धरत नाही. फाईलचंही तसंच.

पेजफाईल, लॉग, ब्राउझरचा कॅश अशा आपोआप बदलणाऱ्या फाईली बाजूला काढल्या की यादी बरीच आटोपशीर होते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, मजकुरात उतरवून ताडावी लागते, ते थोडक्यात होतं.

खरं काम डेटाबेसचं. त्याच्या फाईली नोंदी सारख्या असूनही वेगळ्या निघतात, त्यामुळे तिथे ठसा उपयोगाचा नाही. प्रत्येक टेबल क्रमाने मजकुरात काढून ओळीला ओळ लावतो. टॅली असेल तर कॉपीच चालू करतो, तीही नेटवर्क तोडून. स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमधले व्हाउचरचे आकडे जुळवतो आणि जिथे जुळत नाहीत तिथे डे-बुक उघडतो.

इथेच सगळ्यात अवघड गाठ सापडते: एकाच नंबरची दोन बिलं, दोन वेगळ्या पार्ट्यांना. दोन्ही मशीननी पुढचा नंबर आपापला धरलेला असतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात एक बिल नंबर एकदाच वापरता येतो. अशा जोड्या आम्ही शोधून, छापून देतो. कोणतं बिल ठेवायचं हे मात्र तुम्ही आणि तुमच्या सीएंनी ठरवायचं. त्याला आम्ही हात लावत नाही, आणि कुणी आपोआप जुळवून देतो म्हणालं तरी लावू देऊ नका.

आमच्याकडे येताना मशीनचं अख्खं फोल्डर आणा, फक्त मोठी डिस्क फाईल नको. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घेतलेला असेल तर त्यानंतरचे सगळे बदल शेजारच्या छोट्या फाईलींत असतात. जागा करायची म्हणून त्या हाताने डिलीट केल्या, तर तेवढ्या दिवसांची बिलं त्यांच्याबरोबर जातात.