पाण्यात न भिजणारा मासा : पाइकच्या कृत्रिम फ्लायची पार्श्वभूमी

फ्लाय म्हणजे गळाला पिसे, केस किंवा धागे बांधून केलेले बनावट आमिष. ते फेकायला वजनदार दोरी लागते, आणि तिचा क्रमांक वजनावरून ठरतो. नऊ क्रमांकाच्या अशा दोरीचे पहिले तीस फूट तराजूत टाकले तर साडेपंधरा ग्रॅम भरतात. गळाचे सामान बनवणाऱ्या अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने १९६१ साली ठरवलेले हे माप आजही चालते. नेहमीच्या गळात वजन आमिषाला असते. आमिष पुढे उडते आणि दोरा त्याच्या मागून सुटत जातो. फ्लायमध्ये सगळे उलटे. इथे वजन दोरीला असते आणि टोकाचा गळ तिच्या पाठोपाठ जातो. ट्राउट या माशासाठी बांधलेली फ्लाय नखाएवढी, माशीसारखी असते, तिचे ओझे दोरीला जाणवतसुद्धा नाही. पाइक हे शिकारी मासे मात्र मोठे झाल्यावर किड्यांच्या मागे फारसे लागत नाहीत, त्यांना मासे लागतात. त्यामुळे साडेपंधरा ग्रॅमच्या जोरावर वीतभर किंवा त्याहून लांब मासा वाऱ्यातून पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत न्यायचा असतो. तो दिसायला भरदार हवा, हातात हलका हवा, पाण्यात जिवंत वाटायला हवा आणि पाण्याबाहेर येताच निथळायला हवा. असा मासा कशाचा बांधायचा, याचे उत्तर शोधता शोधता पिसे आणि केस मागे पडले, त्यांच्या जागी कारखान्यातले धागे आले.

पाइक आपल्याकडे नाही. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड गोड्या पाण्यातला हा मासा. लिनियसने १७५८ साली त्याला ‘एसॉक्स लुसियस’ हे नाव दिले. आपल्या ‘पाईक’ या शब्दाशी त्याचे नाते नाही, त्याचे इंग्रजी नाव लांब दांड्याच्या भाल्यावरून आले आहे. स्वभावाने जवळचा नातेवाईक शोधायचा तर आपली मरळ आठवावी : वनस्पतींच्या आडोशाला निश्चल उभे राहायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत संपवायचे. पाइकच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर, दोन्ही पार मागे शेपटीजवळ असतात, म्हणून तो जागच्या जागी बाणासारखा सुटतो. खालच्या जबड्यात सुळे असतात आणि टाळूवर मागे वळलेले शेकडो बारीक दात. जर्मनीत ग्रेफर्न इथे १९८६ साली गळाला लागलेला पाइक ५५ पौंड १ औंस, म्हणजे जवळपास २५ किलोचा होता. या दातांचा विसर पडून चालत नाही, कारण पुढचा निम्मा इतिहास त्यांनीच घडवला.

आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, तेव्हा त्यातला पाइक जिवंत मासा आणि बेडूक यांवर धरला जाई. पाइकसाठी फ्लाय बांधण्याचा विचार नंतरच्या इंग्रजी पुस्तकांत रुळलेला दिसतो. मोराची आणि फेझंटची पिसे, अस्वलाची मऊ लव, सोनेरी बेगड, डोळ्यांच्या जागी मणी, असा तो सगळा थाट असे. गंमत अशी की ही फ्लाय माशासारखी दिसायची नाही. पाण्यावर झेपावणारी पाकोळी किंवा प्रचंड चतुर दिसावा, असा तिचा आव होता. पाइक बदकाची पिल्ले गिळतो हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कल्पना अगदी निराधार म्हणता येणार नाही. पण रोजचे जेवण सोडून वर्षातून एकदा मिळणाऱ्या पक्वान्नाची नक्कल करण्यासारखे ते होते, असे मला वाटते.

माशासारखी दिसणारी फ्लाय नावारूपाला आली ती अमेरिकेत, आणि तीही ट्राउटच्या निमित्ताने. मेन राज्यातल्या अप्पर डॅम इथे १ जुलै १९२४ रोजी कॅरी स्टीव्हन्स यांनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट धरला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले आणि त्यांच्या फ्लायला मागणी सुरू झाली. गळाच्या दांडीला समांतर लांब पिसे घालून स्मेल्ट या लहान माशाचा सडपातळ आकार आणायचा, ही त्यांची रीत. पुढे त्यांची ‘ग्रे घोस्ट’ फार गाजली. तिच्या गालांवर जे चकाकणारे पिवळट ठिपके दिसतात ते रंगाचे नाहीत. ती आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे आहेत.

इथे थोडे थांबायला हवे. राखी रानकोंबडा हा भारताचा पक्षी, सह्याद्रीचा रहिवासी. कोयनेच्या किंवा गोव्याच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग ज्याने ऐकली आहे, त्याला त्याचे पीस स्कॉटलंडमध्ये सामन (सॅमन) माशासाठी बांधलेल्या फ्लायवर किंवा मेनच्या तळ्यावर पाहून चमकायला होते. त्या पिसावर मेणाचा थेंब सुकावा तसा कठीण, चमकदार ठिपका असतो. पाण्यात तो डोळा वाटतो, आणि शिकारी मासा डोळ्याकडे बघून झडप घालतो अशी बांधणाऱ्यांची पक्की समजूत. ब्रिटिश सरकारने १९०२ साली भारतातून पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार पुढेही चालू राहिला. विलायतेतल्या हजारो फ्लायपेट्यांत सह्याद्रीचे आणि निलगिरीचे पक्षी कापून पडले आहेत. हा हिशेब मासेमारीच्या इतिहासात सहसा कोणी मांडत नाही, म्हणून मुद्दाम मांडला.

मोठी, खाऱ्या पाण्यातली फ्लाय १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात आकाराला आली. फ्लाय बांधणारे लेफ्टी क्रेह यांना स्ट्राइप्ड बास या माशासाठी अशी फ्लाय हवी होती की जिची पिसे फेकताना गळाभोवती गुंडाळणार नाहीत. त्यांनी कोंबड्याची लांब पिसे दांडीच्या अगदी मागच्या टोकाला बांधली आणि पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची गळपट्टी घातली. हीच ‘डिसीव्हर’. १९९१ साली अमेरिकी टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. आज पाइकसाठी बांधल्या जाणाऱ्या बहुतेक फ्लायच्या सांगाड्यात डिसीव्हर कुठेतरी सापडतेच.

पण केस आणि पिसे यांची मर्यादाही इथेच दिसू लागली. हरणाच्या शेपटीचे केस साधारण बोटभर लांब. त्यांतून वीतभर मासा करायचा तर थर चढवावे लागतात, आणि थर चढले की फ्लाय जड होते. सशाच्या कातडीची पट्टी पाण्यात इतकी सुंदर वळवळते की पाइकला आवरत नाही. मात्र तिची मऊ लव आणि कातडे पाणी धरून ठेवते, आणि भिजलेली पट्टी डोक्यावरून जाताना ओल्या मोज्यासारखी फटका देत जाते. दिवसभर अशी फ्लाय फेकून खांदा निकामी झाल्यावर पर्याय शोधण्याची घाई कोणालाही होईल.

घाईला दुसरे कारण कायद्यांनी दिले. ९ सप्टेंबर १९७२ रोजी भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सहा आठवड्यांनी, २१ ऑक्टोबरला, अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा. एकाने रानकोंबड्याच्या शिकारीला लगाम घातला, दुसऱ्याने ध्रुवीय अस्वलाच्या केसांची आयात थांबवली. अस्वलाचे हे केस वायव्य अमेरिकेतल्या सामनच्या फ्लायसाठी अत्यंत नावाजलेले : लांब, अर्धपारदर्शक, ओले होऊनही चिकटून न बसणारे. ते मिळेनासे झाल्यावर बाजारात ‘फिशहेअर’ सारखे कृत्रिम केस आले. एरवी प्लॅस्टिक स्वस्त म्हणून येते. इथे ते दोन प्राण्यांचा जीव वाचल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत आले, याचे मला बरे वाटते.

हे धागे मासेमारीसाठी निर्माण झालेच नव्हते. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली ड्यू पाँच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार केले, ते मोज्यांच्या रूपाने घरोघर गेले. जपानमध्ये १९५७ साली कानेकालॉन हा धागा निघाला, तो मुख्यतः केसांच्या टोपांसाठी आणि बाहुल्यांच्या केसांसाठी प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या बायका वेणीत गंगावन घालायच्या. तशाच जातीच्या बनावट केसांपासून फ्लाय बांधणाऱ्यांनी आपला माल उचलला. खेळण्यातल्या अस्वलांची लोकर ‘क्राफ्ट फर’ म्हणून फ्लायच्या दुकानात आली. चकाकीसाठी पॉलिएस्टरच्या अगदी पातळ पापुद्र्याच्या पट्ट्या आल्या. लॅरी डालबर्ग यांचे ‘फ्लॅशबू’ त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. मखराला लावायच्या बेगडाच्या केसाइतक्या बारीक पट्ट्या कापाव्यात, तसे ते दिसते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा धागा आत पाणी जवळजवळ शोषत नाही, धाग्यांमधले पाणी हवेतल्या एका झोकात झडून जाते आणि फ्लाय पुन्हा हलकी होते. मघाचा साडेपंधरा ग्रॅमचा हिशेब इथे जमतो.

दातांच्या प्रश्नाला पहिले चांगले उत्तर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मिळाले. तिथे पाइक नव्हता, ब्लूफिश होता, आणि त्याचे दात पाइकला लाजवतील असे. दोन-चार मासे लागले की केसांची फ्लाय फाटून चिंध्या. बॉब पोपोव्हिक्स यांनी कृत्रिम केसांच्या पुढच्या भागावर इपॉक्सी ही वाळून कडक होणारी राळ चढवून काचेसारखे टणक डोके केले. ही ‘सर्फ कँडी’. एन्रिको पुग्लिसी यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तंतूंनी दुसरी वाट दाखवली. तंतूंचे झुबके दांडीच्या वर आणि खाली बांधत जायचे आणि शेवटी कात्रीने माशाचा आकार कापून काढायचा, माळी मेंदी कापतो तसा. ऐकायला हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दहा फ्लाय केराच्या टोपलीत जातात.

समुद्रावरची ही विद्या पाइकच्या तळ्यांवर पोहोचायला मात्र पाइकची पत बदलावी लागली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ट्राउट-सामनच्या पाण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या उपद्रवी म्हणून जाळी लावून मारला जात होता. ज्याला मारायचे त्याच्यासाठी संध्याकाळभर बसून सुंदर फ्लाय कोण बांधणार? मत बदलवणाऱ्यांत बॅरी रिकर्ड्स यांचे नाव घ्यावे लागते. केंब्रिजला ते ग्रॅप्टोलाइट या अतिप्राचीन जीवाश्मांचे अभ्यासक आणि उरलेल्या वेळात पाइकचे कैवारी. अमेरिकेत १९९३ साली बॅरी रेनॉल्ड्स आणि जॉन बेरीमन यांचे पाइकच्या फ्लाय-मासेमारीवरचे पुस्तक निघाले. त्याच सुमारास नेदरलँड्सच्या पोल्डरमधले, म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेल्या जमिनीवरचे कालवे आणि स्टॉकहोमबाहेरचा निमखारा द्वीपसमूह या विद्येची माहेरघरे होऊ लागली. आयर्लंडने २००६ साली नियम केला : दिवसाला एकच पाइक ठेवायचा, आणि तोही ५० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. म्हणजे मोठा पाइक परत पाण्यात सोडायचाच. त्यामुळे उलटा काटा दाबून टाकलेला एकच गळ आणि लांब चिमटा हे सामान आपोआप ठरून गेले.

बांधणीची खरी खुबी पोकळपणात आहे. डोळ्याला जाड दिसणारा मासा आतून बहुतांशी रिकामा असतो. त्यासाठी तंतूंची टोके गळाच्या नेढ्याकडे, म्हणजे चक्क उलट्या दिशेला करून बांधायची. मग बोटांनी ती मागे दुमडायची आणि त्यांच्या मुळाशी धाग्याचे वेढे देऊन बांध घालायचा. तंतू छत्रीसारखे उभे राहतात. असे तीन-चार घेर मागून पुढे घेतले की पाण्याच्या दाबाने ते मिटतात-उघडतात आणि पोकळ फ्लाय श्वास घेतल्यासारखी हलते. झुबका नेहमी वाटतो त्याच्या निम्मा घ्यावा. सारख्या लांबीने कापलेले धागे झाडूसारखे दिसतात, म्हणून टोके हाताने ओढून लहान-मोठी करावी लागतात. पाठ काळपट, कुशी रुपेरी, पोट पांढरे. पाइकचे भक्ष्य असलेल्या माशांपैकी रोच हवा असेल तर तांबूस पर, पर्च हवा असेल तर मार्करने आडवे पट्टे. डोळे आता प्लॅस्टिकचे, राळेच्या थेंबात बसवून अतिनील दिव्याखाली घट्ट केलेले.

टोकाला तार लागतेच. कितीही जाड नायलॉन घेतले तरी सुळ्यांना लागले की तुटते, आणि घशात गळ घेऊन मासा निघून जातो. तारेत कंजुषी करणाऱ्याने पाइकच्या वाटेला जाऊ नये, हे मी ठामपणे म्हणतो. फ्लाय बुडाली की दोरी हाताने लांब ओढायची आणि थांबायचे. ओढताना मासा पळतो. थांबताच तो आडवा होतो, कुशी चमकते, धागे फुलतात. झडप बहुधा त्या थांब्यात येते. त्या वेळी ट्राउटच्या सवयीने काठी वर उचलली तर हाडासारख्या कठीण जबड्यातून फ्लाय सुटून येते. काठी पाण्याकडे रोखून दोरी हाताने सरळ मागे खेचावी लागते.

अलीकडच्या काळात व्हर्जिनियाच्या ब्लेन चॉकलेट यांनी ‘गेम चेंजर’मध्ये लहान लहान दांड्या मणक्यांसारख्या एकमेकींत अडकवल्या आणि फ्लायला खरोखरीचा पाठीचा कणा दिला. ती थांबली तरी शेपटी हलत राहते. दुसरीकडे, इपॉक्सी आणि कृत्रिम केसांनी नाव कमावलेले पोपोव्हिक्स यांनीच पुढे हरणाच्या शेपटीचे केस पोकळ पद्धतीने बांधून फूटभर लांबीच्या ‘बीस्ट’ फ्लाय केल्या. फ्लायची लांबी वाढवायला कृत्रिम धागेच लागतात असे नाही, बांधायची रीत पुरते, हे त्यांनी दाखवले. रानकोंबड्याची जी पिसे आज कायदेशीरपणे विकली जातात, ती परदेशांत पाळलेल्या पक्ष्यांची असतात. आणि कृत्रिम धाग्यांबद्दल नवी काळजी उभी राहिली आहे : पाइकच्या दातांनी तुटलेला आणि कात्रीने छाटलेला प्रत्येक तंतू प्लॅस्टिकच असतो, आणि तो कुजत नाही. टेबलावरची छाटण बरणीत गोळा करता येते. जबड्यातून निसटलेली, फाटकी फ्लाय मात्र पाण्याच्या तळाशी जाते आणि तिथेच राहते.