माद्रिद आणि सालामांका: दोन 'प्लाझा मायोर'मधला फरक

प्लाझा मायोर म्हणजे गावचा मुख्य चौक. स्पेनच्या बहुतेक जुन्या शहरांत तो असतो, त्यामुळे फोटो पाहताना माद्रिद आणि सालामांकाचे चौक सहज एकमेकांत मिसळतात. चहूबाजूंनी सलग इमारती, खाली कमानींचे ओटे, वर तीन मजले आणि ओळीने सज्जे, असा दोन्हीकडचा थाट आहे. जन्मकथा मात्र अगदी वेगळ्या.

माद्रिदचा चौक राजाज्ञेचा. वेशीबाहेरच्या बाजाराच्या जागी तिसऱ्या फिलिपसाठी हुआन गोमेझ दे मोरा या वास्तुकाराने 1617 ते 1619 या काळात तो उभारला. पण आज दिसतो तो चौक त्याचा नव्हे, हे बरेच जण विसरतात. 1631, 1672 आणि 1790 अशा तीन मोठ्या आगी इथे लागल्या. शेवटच्या आगीनंतर हुआन दे व्हियानुएव्हाने फेरबांधणी हाती घेतली. त्याने इमारतींची उंची पाचवरून तीन मजल्यांवर आणली आणि उघडे कोपरे कमानींनी बंद केले. त्याच्या मृत्यूनंतरही काम चालूच राहिले. चौकाला आज जो शांत, बंदिस्त डौल आहे, तो माझ्या मते आगीच्या धास्तीतून आला आहे. मधला तिसऱ्या फिलिपचा अश्वारूढ पुतळा 1616 चा, पण इथे आला 1848 मध्ये. चौकातल्या 'कासा दे ला पानादेरिया' या इमारतीवरची रंगीत चित्रेही जुनी नाहीत, ती 1992 ची आहेत.

सालामांकाचा चौक शतकभराने धाकटा: 1729 ते 1755. आराखडा आल्बेर्तो चुर्रिगेराचा, नगरभवनाची बाजू आंद्रेस गार्सिया दे किन्योनेसची. मला हाच अधिक भावतो, कारण इथली भिंत वाचता येते. कमानींच्या मधल्या जागांत गोल पदके कोरलेली आहेत आणि त्यांत राजे, सेनानी, सेर्व्हान्तेससारखे लेखक यांचे चेहरे आहेत. कुणाला जागा द्यायची, यावर वाद आजही संपलेला नाही: स्पेनचा हुकूमशहा फ्रांको याचे पदक 2017 मध्ये काढले गेले.

ओळखायची सोपी खूण दगडाची. सालामांकाला जवळच्या व्हियामायोरचा वालुकाश्म वापरला आहे. मऊ असल्याने तो बारीक कोरता येतो आणि उन्हात सोनेरी दिसतो. माद्रिदला लाल भिंती, करडा ग्रॅनाइट आणि काळी पाटीच्या दगडाची छपरे. आकारही तपासा: माद्रिदचा चौक सुमारे 129 बाय 94 मीटरचा लांबट आयत आहे. सालामांकाचा चौक नजरेला चौरस वाटतो, पण मोजायला गेलात तर त्याच्या बाजू सारख्या भरत नाहीत.