एचआयव्ही : मृत्यूंचा कल आणि प्रतिबंध (इंदूर)

एचआयव्ही संसर्गामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षागणिक कसे बदलत गेले आणि ते खाली आणण्यासाठी कोणते उपाय योजले जातात, याची ही नोंद. देशातले पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मध्य प्रदेशात संसर्गाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा (प्रौढांत सुमारे ०.२ टक्के) कमी आहे. मात्र एबी रोडवरची (आग्रा-मुंबई महामार्गावरची) ट्रक वाहतूक, पीथमपूरचे कारखाने आणि झाबुआ-निमाडातून कामासाठी ये-जा करणारे मजूर यांमुळे इंदूरला राज्याच्या या कमी प्रमाणावर विसंबता येत नाही.

जगात एड्समुळे सर्वाधिक मृत्यू २००४ च्या सुमारास झाले, वर्षाला वीस लाखांहून अधिक. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ६.३ लाख होता. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी, रोज घ्यायची औषधे) मिळू लागली. आधी सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, ज्या हा विषाणू नष्ट करतो) रक्तात २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ मध्ये ती निघूनच गेली. तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार. २०१० ते २०२४ या काळात देशातले एड्समृत्यू ८१.४ टक्क्यांनी घटले, नवे संसर्ग मात्र ४८.७ टक्क्यांनीच. या दोन आकड्यांमधली तफावत महत्त्वाची आहे : औषधाने माणसे वाचवली, प्रसार थोपवण्याचे काम त्या मानाने मागे राहिले.

हे आकडे मोजलेले नसून गणिती प्रतिमानातून काढलेले अंदाज आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदयक्रिया बंद पडणे’ किंवा नुसते ‘टीबी’ असे लिहिलेले असते. एआरटी केंद्राच्या नोंदवहीत औषध घ्यायला येणे थांबवलेल्यांवर ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ (पाठपुराव्यातून सुटलेला) असा शेरा पडतो. त्यांतले काही गाव बदललेले असतात, काही दगावलेले असतात. घरी माणूस पाठवल्याशिवाय फरक कळत नाही. म्हणून एखाद्या केंद्राची मृत्युसंख्या कमी दिसली की आधी ही यादी पाहावी.

आता होणाऱ्या मृत्यूंची दोन मोठी कारणे म्हणजे उशिरा झालेली तपासणी आणि मध्येच सुटलेले औषध. पहिल्या गटातला रुग्ण एम.वाय. रुग्णालयात किंवा मनोरमाराजे टीबी रुग्णालयात पोचतो तोवर वजन उतरलेले, तोंडात पांढरी बुरशी आणि सीडी४ २०० च्या आत, अशी अवस्था असते. त्याला त्याच दिवशी गोळी देऊन घरी पाठवणे धोक्याचे. टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट (जंतूची जनुके शोधणारी) व लघवीतली लॅम (टीबी जंतूचा अंश शोधणारी) तपासणी, क्रिप्टोकोकस या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या बुरशीसाठी रक्तातल्या अँटीजेनची (तिच्या अंशाची) तपासणी आधी करायची आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक सुरू करायचे. टीबी असल्यास त्याची औषधे आधी, एआरटी साधारण दोन आठवड्यांत. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकोकस असेल तर किमान चार आठवडे थांबतात. कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की दबलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि मेंदूला सूज येते. गाठी सुजणे, ताप परतणे हीदेखील याचीच सौम्य रूपे. ‘गोळीनेच बिघडले’ असे समजून घरची माणसे औषध बंद करतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवणे हा समुपदेशनाचा निम्मा भाग.

नेहमीची गोळी टीएलडी : टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ, रोज एक, ठरलेल्या वेळी. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ५० मिग्रॅ डोल्युटेग्रॅव्हिर बारा तासांनी पुन्हा द्यावे लागते आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे असते. ही जादा गोळी विसरली जाते. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड यांच्या दोन तास आधी वा सहा तासांनंतर टीएलडी घ्यावी, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. पित्तावर दुकानातून आपणच काहीतरी आणून घेणाऱ्यांना हे मुद्दाम विचारावे लागते. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) सहा व बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासतात. तो मिलिलिटरमागे विषाणूच्या १००० प्रतींच्या वर गेला की लगेच औषध बदलत नाहीत. आधी गोळ्या का चुकतात ते शोधतात आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. व्हायरल लोड इतका कमी झाला की तो तपासणीत दिसतच नाही, तर लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. उपचार हाच प्रतिबंध म्हणतात तो यासाठी.

बाकीचा प्रतिबंध ठाऊक असलेलाच : कंडोम, गुप्तरोगांचे उपचार, रक्तपेढीतली सक्तीची तपासणी, सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया व ब्युप्रेनॉर्फिन (नशेच्या सुईऐवजी देण्याचे औषध). गरोदरपणी पहिल्याच भेटीत तपासणी व्हावी. आई पॉझिटिव्ह असल्यास तिला एआरटी आणि बाळाला जन्मल्याबरोबर औषध, किमान सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूचीच तपासणी करतात. नेहमीची प्रतिपिंड तपासणी आईच्या प्रतिपिंडांमुळे अठरा महिन्यांपर्यंत फसवी ठरू शकते. सुई टोचणे किंवा बलात्कार अशा प्रसंगी ७२ तासांच्या आत, शक्यतो दोन तासांत, २८ दिवसांचा औषधक्रम सुरू करायचा. ‘सोमवारी ओपीडीत दाखवू’ म्हणणाऱ्याची वेळ तिथेच निघून जाते. रात्री थेट आपत्कालीन विभागात जावे.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा ओळखीपाळखीच्या मराठी वस्त्यांत ‘केंद्रावर कोणी पाहील’ ही धास्ती खरी आहे. त्यापायी नातलगांच्या गावी, जळगाव-धुळ्याला नाव घालणारे सापडतात. प्रवासखर्च वाढला की खेपा चुकतात. त्यापेक्षा रीतसर ट्रान्सफर-आउटचा (केंद्र बदलल्याचा) कागद आणि रुग्णाजवळची उपचारांच्या नोंदींची हिरवी पुस्तिका घेऊन इंदूरला नाव वर्ग करून घ्यावे. प्रकृती स्थिर असल्यास तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, निकाल फोडणे आणि नोकरीत, शाळेत वा दवाखान्यात भेदभाव करणे यांना मनाई केली आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.