चरबीतला साका: जखमा भरणाऱ्या मूळपेशींची पूर्वपीठिका

ताक घुसळलं की लोणी वर येतं आणि आपण ते काढून घेतो. चरबीच्या बाबतीत गंमत उलटी आहे. वरचं लोणी बाजूला सारायचं आणि तळाचा साका जपायचा, हे उमगायला ३७ वर्षं गेली.

चरबी जखमेच्या कामी येते हा अनुभव त्याहून जुना. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने एका रुग्णाच्या दंडातली चरबी काढून त्याच्या चेहऱ्यावरच्या खोल व्रणाखाली भरली. तुकडे बदामाएवढे असले तर ठीक, मोठे टिकत नाहीत, असा त्याचा अनुभव होता. तेव्हा चरबी म्हणजे निव्वळ खड्डा बुजवायचं सामान.

१९६४ मध्ये अमेरिकेत मार्टिन रॉडबेल या जीवरसायनशास्त्रज्ञाला हॉर्मोनचा परिणाम तपासण्यासाठी सुट्या चरबीपेशी हव्या होत्या. उंदरांच्या चरबीचे बारीक तुकडे त्यांनी कोलॅजिनेज या, पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) टाकले, अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानाला हलवत ठेवले आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जड-हलकं वेगळं करणाऱ्या यंत्रात, गरगर फिरवले. तेलाने भरलेल्या पेशी वर तरंगल्या. रक्तवाहिन्यांच्या आणि संयोजी (आधार देणाऱ्या) उतीच्या पेशी तळाला बसल्या. रॉडबेलना हवं होतं ते वरचं. पेशींपर्यंत संदेश कसे पोचतात याचा छडा लावत ते १९९४ च्या नोबेलपर्यंत गेले. तळाचा साका मागेच राहिला.

सत्तरच्या दशकात इटलीत फिशर आणि पॅरिसमध्ये इलूझ या डॉक्टरांनी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं, रुळवलं. ऑपरेशन थिएटरांत पिवळट-लाल द्रवाच्या बाटल्या भरू लागल्या, आणि त्या कचऱ्यातच जात. २००१ मध्ये संशोधक पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये हाच कचरा उचलला आणि रॉडबेलच्याच रीतीने साका वेगळा केला. त्यातल्या पेशी वाढवल्यावर हाड, कूर्चा, चरबी अशा वेगवेगळ्या वाटांनी जाताना दिसल्या. म्हणजे साक्यात मूळपेशी होत्या, निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या. त्या अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडातल्या मगजातून, मिळवायच्या तर कमरेच्या हाडात सुई घालावी लागते आणि हाती लागतात मोजक्या मूळपेशी. इथे तर माल मुबलक.

२००७ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाचे सर्जन जीनो रिगोत्ती यांनी रेडिएशनने होरपळलेल्या, न भरणाऱ्या जखमांवर २० रुग्णांमध्ये शुद्ध केलेली चरबी टोचली. बहुतेकांना गुण आला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे उत्साहाच्या भरात फारसं कुणी बोललं नाही.

गल्लत आणखी एक झाली. या पेशी स्वतःच नवी कातडी बनतात असा समज पसरला. प्रत्यक्षात टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत, फार तर आठवड्यांत नाहीशा होतात. गवंडीकाम त्या करत नाहीत; मुकादमी करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, चिघळलेला दाह निवावा, असे रासायनिक सांगावे धाडतात आणि भिंत बांधतात त्या जागच्या पेशी.

बाजाराला एवढा धीर कुठला? अमेरिकेत फ्लोरिडात चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं. रीतसर मार्गाने आलेल्या औषधाचीही वाट बिकटच. क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमधल्या भगंदरावरच्या अलोफिसेल या, चरबीतल्या मूळपेशींपासून केलेल्या औषधाला युरोपात २०१८ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून गेलं.

भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य उपचार म्हणून जागा दिली ती रक्ताशी निगडित विकारांसाठी होणाऱ्या रक्तमूळपेशींच्या (रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या) रोपणाला. मधुमेहींच्या पायाची न भरणारी जखम असो की भाजल्याची, चरबीतल्या मूळपेशी तिथे वापरायच्या तर मंजूर चाचणीतच.