सिमसन यांनी व्हर्सायमध्ये मुकुट चढवला नव्हता

जर्मन संसदपटू एदुआर्द फॉन सिमसन यांच्याविषयी एक समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: १८७१ मध्ये व्हर्सायच्या आरसेमहालात त्यांनी संसदेतर्फे प्रशियाचा राजा विल्हेल्म पहिल्याला जर्मन सम्राटाचा मुकुट दिला आणि राज्याभिषेक झाला. ही दोन वेगळ्या प्रसंगांची सरमिसळ आहे. त्यात तिसराही प्रसंग घुसतो.

कोनिग्सबर्गचे कायद्याचे प्राध्यापक सिमसन १८४८ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्ट राष्ट्रीय सभेचे, म्हणजे संपूर्ण जर्मनीसाठी निवडलेल्या पहिल्या संसदेचे, अध्यक्ष झाले. २८ मार्च १८४९ ला सभेने प्रशिया या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक विल्हेल्म चौथ्याला सम्राट निवडले: २९० मते बाजूने, २४८ जण तटस्थ. ३ एप्रिलला सिमसन शिष्टमंडळासह बर्लिनमध्ये राजाला भेटले. राजाने इतर जर्मन राजांच्या संमतीची सबब सांगितली आणि महिनाअखेर साफ नकार दिला.

असे शिष्टमंडळ त्यांनी दुसऱ्यांदा नेले ते १८ डिसेंबर १८७० रोजी, उत्तर जर्मन संसदेचे अध्यक्ष म्हणून, व्हर्सायला. तिथे त्यांनी सम्राटपद स्वीकारावे असे फक्त विनंतिपत्र विल्हेल्म पहिल्यापुढे वाचले. तेही राजांचा होकार आल्यावरच. त्याआधी विल्हेल्म त्यांना भेटायला तयार नव्हता. खरी मेख इथेच आहे: संसदेच्या विनंतीआधी राजांचा होकार लागला.

आरसेमहालातला सोहळा महिन्याने, १८ जानेवारीला झाला. बिस्मार्कने घोषणापत्र वाचले, बाडेनच्या ग्रँड ड्यूकने जयजयकार केला. मुकुट नव्हताच, नव्या साम्राज्याचा मुकुट पुढेही केवळ राजचिन्हांवर राहिला, प्रत्यक्षात कधी घडवला गेला नाही. सभोवती होते राजपुत्र आणि गणवेषातले अधिकारी.

सिमसन पुढे १८७९ ते १८९१ लाइपझिगमधल्या साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले अध्यक्ष होते. खरे तर त्यांची ओळख यासाठी जास्त हवी.